दाभाडकर सरांची झाडणी

प्रा. वसंत दाभाडकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा सर माझ्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे बघत होते. सुरतेतल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.चा पहिला दिवस होता. बमरोलीहून येणारी बस चुकू नये म्हणून मी गवतातून आडवी पळत आले होते आणि सलवारीच्या काठाला कुसळं चिकटली होती. सरांनी मला वर्गाच्या दारातच थांबवलं.

"हे कुठून आणलंत?"

"बमरोलीहून, सर."

"म्हणजे बमरोलीपासून इथपर्यंत तुम्ही पेरणी करत आलात. बाहेर बसा. एकेक कुसळ काढा, या कागदात गोळा करा आणि मग आत या."

सरांचं पहिलं व्याख्यान मी व्हरांड्यात बसून, कुसळं वेचत ऐकलं. आतली मुलं माना वळवून हसत होती. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं की हे सर विक्षिप्त आहेत. आज सर पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत, मीही त्याच कॉलेजात शिकवून केस पिकवले आहेत, आणि ते मत बदलावं असं मधल्या काळात काहीही घडलेलं नाही.

गौरवग्रंथाच्या संपादकांनी "सरांबद्दल चार चांगले शब्द लिहा" असं सांगितलं. माझ्याकडे सरांबद्दल शब्द पुष्कळ आहेत. त्यातले चांगले निवडायलाच वेळ लागला. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चहाचं आधण ठेवत असताना, सरांचा फोन. "वैशालीबाई, लेखात विशेषणं नकोत. आणि बेटाचं नाव लिहू नका, लोक सहली काढतील." ज्यांचा गौरव करायचा तेच गौरवलेखाला कात्री लावतात, असा प्रकार दुसरीकडे कुठे होत असेल तर मला कळवावं. तरी गुरुआज्ञा म्हणून बेटाचं नाव मी लिहिणार नाही. विशेषणांचं मात्र मी बघून घेईन.

इथल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना सर ठाऊक आहेत ते वेगळ्या कारणांनी. गणेशोत्सवात निर्माल्य तापीत टाकू नका म्हणून पुलावर उभे राहणारे सर. सत्काराचा हार गळ्यात पडण्याआधी हातात घेऊन, त्याची फुलं उलटीपालटी करून पाहणारे सर. लग्नात वधूवरांवर अक्षतांऐवजी नुसत्या टाळ्या वाजवा म्हणून सांगणारे आणि त्यामुळे दोन घरच्या पत्रिकांना मुकलेले सर. पण ज्या कामासाठी त्यांचा खरा गौरव व्हायला हवा, ते काम सुरतेपासून फार लांब, अरबी समुद्रातल्या एका निर्मनुष्य बेटावर झालं आहे. ते पाहायला तिथे कोणी नव्हतं. म्हणून ते मी सांगते.

हे बेट म्हणजे प्रवाळाच्या चुऱ्याचा आणि वाळूचा एक लांबट पट्टा. झाड म्हणावं असं झाड नाही, गोडं पाणी नाही. एके काळी तिथे सुरय पक्ष्यांची मोठी वसाहत होती. काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा हा समुद्रपक्षी घरटं बांधत नाही, उघड्या वाळूवरच अंडं घालतो. त्याला भीती फक्त जमिनीवरून चालत येणाऱ्याची, आणि तिथे चालणारं कुणी नव्हतंच. मग कधीतरी एक होडी तिथल्या खडकावर फुटली आणि तिच्यातले उंदीर पोहत वर आले. उंदरांनी अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, आणि काही वर्षांत पक्ष्यांनी बेट सोडलं. ते उंदीर समूळ काढायचे आणि पक्षी परत येतात का पाहायचं, हा सरांचा ध्यास. परवानग्या मिळवण्यात त्यांचे सगळे केस गेले. जहाज मिळालं तेव्हा सरांनी ज्या थोड्या जणांना निवडलं, त्यांत मी होते. बाईमाणूस मी एकटीच.

आमच्या घरी गहजब झाला. वडील खान्देशातून आलेले, बमरोलीच्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे. मुलगी इतक्या पुरुषांबरोबर जहाजावर जाणार हे त्यांच्या पचनी पडेना. मी सरांना विनवलं, "सर, तुम्ही घरी येऊन दोन धीराचे शब्द सांगा." सर आले. खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि बोलू लागले. समुद्र खवळला तर जहाज कसं कलतं. ओकाऱ्यांनी माणूस कसा आडवा होतो. जहाजावर डॉक्टर नाही. अपेंडिक्स फुटलं तर जवळचा दवाखाना किती लांब आहे. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी कपाळावर हात मारून घेत होते. धीर द्यायला बोलावलेला माणूस एकेक करून माझ्या जाण्याचे दोर कापत होता. सर गेल्यावर वडिलांनी पाण्याचा रिकामा पेला उचलून आत नेला. मग आईला म्हणाले, "हाऊ माणूस इतला खरा बोलस, तो पोरले वाऱ्यावर सोडाव नही. जाऊ दे तिले." सरांचा हा सद्गुण आहे हे मला मान्य आहे. पण तो सद्गुण जवळून सोसावा लागतो तेव्हा माणसाचा जीव अर्धा होतो, हेही इथे नोंदवून ठेवते.

आता झाडणीबद्दल. हा शब्द जहाजावरच्या खलाशांनी पाडला आणि सरांनी तो मुकाट्याने स्वीकारला. बेटावर उंदीर मारायला जायचं आणि आपल्याच पोत्यातून नवा उंदीर घेऊन जायचं, यापेक्षा मोठा मूर्खपणा नाही, असं सर म्हणत. उंदीरच कशाला, एखादं गवताचं बी, एखादी मुंगीसुद्धा त्या इवल्या बेटाला पुरून उरते. म्हणून जहाजाच्या एका खोलीच्या सगळ्या फटी बुजवलेल्या, जमिनीवर पांढरी चादर, वर झगझगीत दिवा. उतरण्याआधी प्रत्येकाने आपली पिशवी त्या चादरीवर उपडी करायची. खिसे उलटे करायचे. बुटांचे तळ दाभणाने खरवडायचे, मोजे जुन्या टूथब्रशने घासायचे, केस विंचरायचे. धान्य पोत्यातून काढून झाकणाच्या पिंपात भरायचं. जेट्टीला बांधलेल्या दोरांवरून उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक दोरावर पत्र्याच्या मोठ्या थाळ्या. आणि दारावर सरांच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी: 'ज्यांच्या सामानात जिवंत प्राणी किंवा रुजणारे बी सापडेल, त्यांनी दोन दिवस जहाजावरच थांबावे, पुन्हा झाडणी करावी, मगच उतरावे. अपवाद नाही.'

'अपवाद नाही' या दोन शब्दांखाली दुहेरी रेघ होती.

पहिल्या मोहिमेला सुरतेजवळच्या मगदल्ल्याच्या जेट्टीवरून निघताना आमच्या नातेवाइकांनी औक्षणाचा घाट घातला. मुलगी दर्यावर निघाली आहे, तिला ओवाळायचं नाही तर काय करायचं? आईने निरांजन फिरवलं, कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता आमच्या सगळ्यांच्या अंगावर उधळल्या. सर लांबून ओरडत धावत आले. त्यांनी तिथेच, सगळ्यांच्या देखत, आम्हांला ओणवं करून डोक्यातून कंगवे फिरवायला लावले. आईचा पारा चढला. "मी काय ईख टाकी राहिनी का? तांदूळ शेतस! पोर समुद्रमा जाई राहिनी, आन् हाऊ मास्तर कंगवा लिसन उभा शे!" आमच्या अहिराणीत ईख म्हणजे विष.

मीही चिडले. टरफल काढलेला तांदूळ उगवत नाही, हे प्राणिशास्त्रवाल्यालाही कळतं. तसं मी बोललेही. सर शांतपणे म्हणाले, "उंदराला तो उगवलेला लागत नाही, बाई."

बेट दिसू लागलं, झाडणी झाली आणि माझ्या जॅकेटच्या मागच्या टोपीतून एक अक्षत चादरीवर पडली. तिच्या पाठोपाठ एक काळा सोंडकिडा चालत बाहेर आला. आमच्या डब्यातल्या तांदळात पावसाळ्यानंतर किडे होतात, त्याला आईचा इलाज नाही आणि माझाही नव्हता. सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. सगळे उतरले आणि मी जहाजावर, आमच्या भंडाऱ्यासोबत, म्हणजे जहाजाच्या आचाऱ्यासोबत, कांदे सोलत बसले. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे असं मी त्याला सांगितलं. ते कांद्याचं नव्हतं.

मग मी उतरले ती शांततेत. समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावर इतकी शांतता असू नये. लाटांचा आवाज तेवढा होता. वाळूत जुन्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे होते आणि भरदिवसा, आम्हांला न घाबरता, पायांमधून उंदीर पळत होते. सर त्या कवचांपाशी उकिडवे बसले. त्यांनी एक तुकडा उचलला, पाहिला आणि होता तसा परत ठेवला. मला वाटतं, त्यांच्याबरोबर काम केलेल्या सगळ्या वर्षांत, एखादी सूचना न देता गेलेला तेवढाच क्षण.

पुढचं काम पाठ मोडणारं होतं. सगळ्या बेटावर दोरी लावून चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात विषाचं आमिष ठेवायचं. एक चौकोन राहिला तर सगळी मेहनत पाण्यात, कारण एक उंदरांची जोडी वाचली तरी पुरे. सरांनी प्रत्येक चौकोन स्वतः पुन्हा चालून पाहिला. आमच्यावर विश्वास नव्हता का? नव्हता. ते तसं तोंडावर सांगत. "माझाही माझ्यावर नाही," असं वर जोडत, जणू त्याने आमचं समाधान व्हावं.

जहाज जोराने डोलू लागलं की मी आडवी होत असे. अशा वेळी सर लिंबू आणि मीठ घेऊन येत. माझी ओकारीची बादली ते स्वतः उचलत, धूत, परत आणून ठेवत. इतका मोठा माणूस माझी बादली धुतो आहे या विचाराने मला आणखीच मळमळे. बरं, मुकाट्याने धुवावी की नाही! पण सर बादली धुता धुता कानाच्या आतल्या पोकळीची रचना समजावून सांगत. मी डोळे मिटून पडलेली असे आणि सर विचारत, "ऐकता आहात ना?" माझ्या आईने लहानपणी केली नसेल अशी माझी शुश्रूषा त्यांनी केली. पण सरांची माया म्हणजे सोबत व्याख्यान आलंच.

उंदीर गेले. नंतरच्या फेऱ्यांत आम्ही शेंगदाण्याचं तेल लावलेले मेणाचे ठोकळे ठिकठिकाणी ठेवून पाहिले. त्यांवर दातांची एकही खूण उमटली नाही. वनखात्यातल्या साहेबांनी अभिनंदन केलं. सरांनी ते स्वीकारलं नाही. "पक्षी कुठे आहेत?" एवढंच म्हणाले. पक्षी आलेच नव्हते. एका हंगामात नाही, पुढच्या हंगामात नाही. सर निवृत्त झाले. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आमच्या सुमतीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाल्या, "अगं, हे झोपेतून उठले की पहिल्यांदा खिडकीतून आभाळाकडे बघतात. सुरतेत कुठले गं ते पक्षी?"

गेल्या हिवाळ्यात तिकडच्या मच्छीमारांकडून निरोप आला की बेटावर पांढरं-काळं काहीतरी घिरट्या घालतं आहे. सर त्या दिवसापासून ऐकेचनात. डॉक्टर नको म्हणाले, मुलगा अमेरिकेतून फोनवर रागावला, काकू रडल्या. मी सगळ्यांच्या बाजूने होते. तरी तीन खात्यांच्या दारांत उभं राहून परवानग्या मीच आणल्या, कारण नाही म्हटलं असतं तर सर एखाद्या मच्छीमार होडीतून गेले असते. ही त्यांची शेवटची फेरी असं डॉक्टरांकडे ठरलं.

जहाजाचे कप्तान टंडेल वलसाडकडचे, पहिल्या मोहिमेपासून आमच्याबरोबर. त्यांनी निघताना सुरतेचा पोंक आणला होता. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. इथे तो शेव-लिंबू घालून खातात आणि त्यापुढे पंचपक्वान्नं फिकी म्हणतात. सरांनी विचारलं, "हा किती भाजलाय?" कप्तानांनी हात जोडले. "साहेब, खावानी वस्तु छे, वाववानी नथी." खायची वस्तू आहे, पेरायची नाही, हे सरांना पटलं नाही. काही दाणे कच्चे राहतात म्हणून सगळा पोंक सरांच्या समोर संपवला गेला, कागद जाळले गेले आणि सगळ्यांनी तोंडं खळखळून धुतली. सगळ्यांत जास्त पोंक सरांनीच खाल्ला, हेही सांगते.

बेट क्षितिजावर आलं तेव्हा वारा फिरला होता. कप्तानांनी येऊन सांगितलं की दर्या बिघडतो आहे, आजच्याच भरतीला लहान होडी खडकांवरून आत जाईल, उद्या नाही. म्हणजे उतरायचं ते आज, आणि एकदाच. सर सकाळपासून तयार होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. जहाजावर इस्त्रीचा शर्ट! मला हसू आलं.

झाडणीचं काम सरांनी माझ्याकडे सोपवलं होतं. सर्वांचं झालं, शेवटी सर आले. त्यांनी पिशवी उपडी केली, खिसे उलटे केले, बूट दिले. सगळं लख्ख. मग मी काठी मागितली. शस्त्रक्रियेनंतर बारडोलीच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, आपल्याच उसाच्या बांधावरचा बांबू तासून, त्यांना ती प्रेमाने करून दिली होती. खाली रबराचं बूच होतं. ते मी ओढून काढलं आणि काठी चादरीवर ठोकली. आतून मुंग्या बाहेर पडल्या. एक-दोन नव्हेत, तोंडात पांढरी अंडी धरलेल्या, सैरावैरा, सगळी चादर भरून. बांबूच्या पोकळीत घर होतं.

मग मीच भानावर आले. चादरीच्या कडा गोळा केल्या, काठीसकट गाठोडं बांधलं, उकळत्या पाण्याच्या पिंपात बुडवलं. "झालं, सर," मी म्हटलं. "होडीतला वल्ह्याचा दांडा घ्या काठी म्हणून. चला, भरती जाईल."

सर स्टुलावर बसले होते. "वैशालीबाई, पाटी वाचा."

"सर, पाटी मला पाठ आहे. मुंग्या मेल्या."

"या मेल्या. सुरतेपासून काठी माझ्या बिछान्याला टेकून उभी होती. माझ्या पांघरुणात, शर्टाच्या शिवणीत नसतील हे तुम्ही सांगू शकता? मी नाही सांगू शकत."

"मग सगळे कपडे बदला! माझा जास्तीचा शर्ट घाला, पँट खलाशांची घाला!"

"तुम्हांला बसवलं होतं ना मी? एका सोंडकिड्यासाठी?"

"मी तेव्हा तरुण होते, सर! मला पुढची फेरी होती!"

हे वाक्य तोंडातून निसटलं आणि मी जीभ चावली. सर नुसते हसले. तेवढ्यात कप्तान टंडेल दारात आले. काय झालं ते त्यांनी ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "अरे साहेब, कीडी छे, वाघ नथी!"

"वाघ असता तर बरं झालं असतं, कप्तान. दिसला तरी असता. मुंगी पिल्लाच्या डोळ्याला लागते. उडता न येणारं पिल्लू कुठे पळेल?"

"अने भरती मारी भत्रीजी नथी, के मारुं कह्युं मानीने ऊभी रहे!" भरती काही त्यांची पुतणी नव्हती, सांगितलं की थांबायला.

"म्हणून तर म्हणतो, यांना घेऊन निघा. वेळ माझ्यावर घालवू नका."

मी सरांशी आयुष्यात कधी बोलले नव्हते तशी बोलले. हट्टी म्हणाले. दुराग्रही म्हणाले. काकूंच्या रडण्याची आठवण दिली. ज्या पक्ष्यांसाठी अर्धं आयुष्य वेचलं ते समोर आहेत आणि तुम्ही स्वतःच्या अक्षरातल्या एका पाटीपुढे गुडघे टेकता, तेही शस्त्रक्रिया केलेले, असं म्हणाले. खलाशी बाहेर उभे राहून ऐकत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या बुटांचे तळ पुन्हा एकदा बघा. रागात माणूस विसरतो." आणि खरं सांगते, मला तो वल्ह्याचा दांडा उचलावासा वाटला. सगळ्यात संताप याचा होता की ते बरोबर होते. त्यांच्या बोलण्यात एक जरी फट सापडली असती तरी मी त्यांना उचलून होडीत घातलं असतं.

मी उतरले ती फणफणतच. होडी खडकांवरून आत आली, मी पाण्यात पाय टाकला आणि तो गोंगाट अंगावर आला. सगळं बेट ओरडत होतं. आभाळात पक्षी, वाळूवर पक्षी, एकमेकांवर खेकसणारे, डोक्यावरून झेपावणारे. जिथे मी फक्त लाटा ऐकल्या होत्या तिथे आता लाटा ऐकू येत नव्हत्या. मी रडले. राग आणि आनंद एकाच वेळी आला की रडण्याशिवाय दुसरा उपाय नसतो.

मग वॉकीटॉकी काढला, बटण दाबलं आणि हात उंच करून नुसता धरून ठेवला. बोलण्यासारखं होतं ते पक्षीच बोलत होते. जहाज खडकांच्या पलीकडे इतकं लांब होतं की तिथून बेट म्हणजे नुसती एक पांढरी रेघ. दुर्बिणीतूनही फार तर माश्यांसारखे ठिपके दिसले असते. हात भरून आला तेव्हा मी बटण सोडलं. पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग सरांचा आवाज आला, घोगरा.

"खाली बघून चाला, बाई. अंडी असतील."

मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या बुटापासून वीतभर अंतरावर, वाळूच्याच रंगाचं, तपकिरी ठिपक्यांचं एक अंडं होतं. पुढचं पाऊल नेमकं त्याच्यावर पडलं असतं.

संध्याकाळी जहाजावर परतले तेव्हा सर डेकवर खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट तसाच अंगात होता. मी समोर बसून सगळं सांगितलं. कुठल्या टोकाला किती दाटी, पिल्लं केवढी, पिसं कुठवर आली. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, हे त्यांच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण. सांगून संपल्यावर मी परत भांडायला तोंड उघडलं, तर सर समुद्राकडे बघत म्हणाले, "मला फार जावंसं वाटत होतं हो, वैशालीबाई."

इतकंच. वर्षानुवर्षं मी या माणसाच्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकायला मिळालं तेव्हा भरती उतरून गेली होती.

म्हणून या ग्रंथाच्या निमित्ताने जमलेल्या आपणा सर्वांना माझी एक विनंती आहे. समारंभात सरांच्या कामाचं कौतुक होईल, ते व्हायलाच हवं. त्यांच्या साधेपणाबद्दल, शिस्तीबद्दल, विद्यार्थ्यांवरच्या प्रेमाबद्दल वक्ते बोलतील. त्यातलं बरंचसं खरं असेल. पण त्यांच्या शिस्तीला कृपया 'तत्त्वनिष्ठा' असा गोंडस शब्द वापरू नका. ज्यांनी ती जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की ती शिस्त सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत निर्दयपणे ज्या माणसावर चालली, तो माणूस पुढच्या रांगेत शाल घेऊन संकोचून बसलेला असेल.

येत्या हिवाळ्याचा परवानगीचा अर्ज मी पुन्हा दिला आहे. पहिलं नाव सरांचं आहे. सरांना न विचारता दिलं आहे. डॉक्टर 'बघू' म्हणतात, काकू आता 'बघू' सुद्धा म्हणत नाहीत, मला थेट विचारतात की जहाजावर पथ्याचं कोण करेल. मी करेन.

सर, आपणांस उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो, ही प्रार्थना मी समारंभाची रीत म्हणून करत नाही. मी हे रागाने लिहिते आहे. गोळ्या वेळेवर घ्या. गुडघ्यांचे व्यायाम चुकवू नका. चुकवता हे काकूंनी मला सांगितलं आहे. ते बेट आपण रिकामं पाहिलंत, सर. भरलेलं पाहिल्याशिवाय आपल्याला कुठेही जायची परवानगी नाही. अपवाद नाही.